बरगड्यांवरचं गाणं आणि ट्रम्पेटवाला राजदूत

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘अं...’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत.)

इअरफोन लावलेत? लोकलच्या दारात उभे असाल तर जरा आत सरका, आणि ऐका.

एक वस्तू डोळ्यांसमोर आणा. एक्स-रेची फिल्म. उजेडात धरली तर कुणाच्या तरी बरगड्या दिसतायत. पण ही फिल्म कात्रीने गोल कापलेली आहे आणि मधोमध सिगारेटने जाळून भोक पाडलंय. आता ती ग्रामोफोनवर ठेवा, सुई टेकवा. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून हळूहळू सॅक्सोफोन ऐकू यायला लागतो.

मी काही रचून सांगत नाहीये. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लेनिनग्राड आणि मॉस्कोत अशा रेकॉर्ड्स खरोखर मिळायच्या. रेकॉर्ड काढायचा हक्क सरकारचा, आणि स्टालिनच्या शेवटच्या वर्षांत जाझवर सरकारची खप्पा मर्जी. रेकॉर्डसाठी लागणारा माल बाहेर मिळायचा नाही. मग पोरांनी डोकं लढवलं. हॉस्पिटलने टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म्स गोळा करायच्या आणि घरगुती मशीनवर त्यांत गाणं कोरायचं. लोक याला ‘बरगड्या’ म्हणायचे, ‘हाडांवरचं संगीत’ म्हणायचे. त्यात देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची गाणी असायची आणि अमेरिकन जाझही. थोड्या वेळा वाजवलं की रेकॉर्ड झिजून जायची. हा धंदा करताना पकडले गेलेले लोक तुरुंगात गेले.

आता प्रश्न असा. एवढी जोखीम घ्यायला या पोरांना कुणी भाग पाडलं? तिथे अमेरिकेचा रणगाडा नव्हता. डॉलर कुणी वाटत नव्हतं. तरीही शत्रूदेशातलं गाणं ऐकायला माणूस तुरुंगात जायला तयार होता.

आजचा भाग या ओढीबद्दल आहे. बंदूक न दाखवता आणि पाकीट न सरकवता एक देश दुसऱ्या देशातल्या माणसांच्या मनात कसा शिरतो, आणि शिरला तरी त्याला नेमकं काय मिळतं?

साम, दाम, दंड, भेद... आणि पाचवं काहीतरी

आपल्याकडे चार उपाय पाठ असतात. दंड म्हणजे सैन्य, निर्बंध, धमकी. दाम म्हणजे कर्ज, मदत, व्यापाराच्या सवलती. भेद म्हणजे फोडाफोडी. साम म्हणजे गोडीगुलाबीने समजावणं.

१९९० साली हार्वर्डचे प्राध्यापक जोसेफ नाय यांनी ‘सॉफ्ट पॉवर’ हा शब्द रूढ केला. वाटतं की हे आपलं साम झालं. जवळचं आहे, पण तेच नाही. सामात समोरच्याला समजवावं लागतं. सॉफ्ट पॉवरमध्ये तेही करावं लागत नाही, त्याला आपोआपच तुमच्यासारखं व्हावंसं वाटतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. दंड म्हणजे फोर्स अपडेट, तुम्ही ‘नंतर’ दाबलं तरी फोन रात्री स्वतःहून रीस्टार्ट होणार. आणि सॉफ्ट पॉवर म्हणजे मित्राच्या फोनवर एखादं ॲप बघून तुम्ही स्वतःच ते शोधून टाकता.

ऐकायला फार छान वाटतं ना? कुणाला इजा नाही, कुणावर सक्ती नाही. पण ही गोष्ट इतकी निरागस नाही. ते बघायला आपण १९५५ ते १९६१ या सहा वर्षांत फिरणार आहोत, जाझच्या मागे मागे.

शॉर्टवेव्हवरचा सावकाश आवाज

जानेवारी १९५५. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकन सरकारी रेडिओवर जाझचा कार्यक्रम सुरू झाला. निवेदक विलिस कोनोव्हर. सुरुवातीची धून ड्यूक एलिंग्टनच्या बँडची. मग एक जाड, शांत आवाज, अगदी सावकाश आणि स्वच्छ इंग्रजी बोलणारा. मुद्दाम सावकाश, कारण ऐकणाऱ्यांना इंग्रजी जेमतेम येतं हे त्याला माहीत होतं.

सोव्हिएत सरकार परदेशी रेडिओचं रशियन भाषेतलं प्रसारण जॅम करायचं. त्याच फ्रिक्वेन्सीवर एवढा आवाज सोडायचं की शब्द कळूच नयेत. पण इंग्रजीतून लागणाऱ्या गाण्यांच्या मागे ते तेवढं लागलं नाही. त्यामुळे पोलंड, हंगेरी, रशियातली पोरं रात्री रेडिओला कान लावून बसायची. कुणी टेपवर उतरवून घेतलं, कुणी ऐकून ऐकून वाजवायला शिकलं, कुणी त्या आवाजावरून इंग्रजी शिकलं.

कोनोव्हर राजकारणावर बोलायचाच नाही. साम्यवाद वाईट, अमेरिका चांगली, असं काही नाही. हा कोण वाजवतोय, ही रेकॉर्ड कधीची, एवढंच. आणि तिथेच त्याची ताकद होती. प्रचाराची ज्यांना शिसारी आली होती, त्या लोकांना प्रचार न करणारा माणूस भेटला.

१९५९ साली कोनोव्हर पोलंडला गेला. वॉर्सॉच्या विमानतळावर फुलं, कॅमेरे, टेपरेकॉर्डर घेतलेली गर्दी. त्याला वाटलं, आपल्या विमानात कुणीतरी बडी असामी असणार. ती असामी तोच होता.

गंमत बघा. अमेरिकेत त्याला जवळपास कुणी ओळखत नव्हतं. १९४८ च्या एका कायद्यामुळे परदेशासाठी केलेले सरकारी कार्यक्रम खुद्द अमेरिकेत ऐकवायला मनाई होती. सरकारने आपल्याच जनतेवर प्रचार करू नये म्हणून.

घरातली अडचण

आता या चित्राची दुसरी बाजू. अमेरिका जगाला सांगत होती, आमच्याकडे स्वातंत्र्य आहे. आणि जग वर्तमानपत्र वाचत होतं.

ऑगस्ट १९५५. मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. पंच सगळे गोरे. दोन्ही गोरे आरोपी सुटले, आणि काही महिन्यांनी एका मासिकाला त्यांनी खुनाची कबुली दिली. त्यांचं काहीही वाकडं झालं नाही.

त्याच ऑगस्टमधली आपल्याशी संबंधित एक घटना. भारताचे अमेरिकेतले राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला बसले. त्यांच्या रंगावरून त्यांना त्या जागेवरून उठून वेगळ्या जागी बसायला सांगितलं गेलं. राजदूताला! परराष्ट्रमंत्री डलेस यांना माफी मागावी लागली.

मॉस्कोला असल्या बातम्या म्हणजे पर्वणीच. त्यात काही खोटं रचायची गरजच नव्हती, नुसतं छापायचं. आणि काळ कोणता? आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होतायत. एप्रिल १९५५ मध्ये इंडोनेशियात बांडुंगला २९ देशांची परिषद भरली, नेहरू, नासर, चौ एन-लाय सगळे तिथे. या देशांतल्या लोकांनी अमेरिकेवर विश्वास का ठेवावा?

बांडुंगला एक अमेरिकन खासदार स्वतःच्या खर्चाने गेला होता. ॲडम क्लेटन पॉवेल, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी. त्याची बायको हेझल स्कॉट स्वतः जाझ पियानो वाजवायची. परत आल्यावर त्याने सुचवलं की परदेशात बॅले आणि सिम्फनी काय पाठवता? त्यात रशिया आपल्या पुढेच आहे. अमेरिकेचं स्वतःचं जे आहे ते पाठवा. जाझ पाठवा.

परराष्ट्र खात्याला हे पटलं. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कलाकारांचा मिश्र बँड मंचावर उभा राहिला की वर्णद्वेषाच्या आरोपाला न बोलता उत्तर मिळेल, असा हिशोब. हिशोब हुशारीचा होता, पण त्यात एक गोची होती. ज्यांना घरी बरोबरीचा हक्क नाही, त्यांनाच बाहेर ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ हे दाखवायला पाठवायचं!

डिझी : शिकवणी नको

पहिला गेला डिझी गिलेस्पी. मार्च १९५६. वाकड्या ट्रम्पेटचा, वाजवताना दोन्ही गाल फुग्यासारखे फुगवणारा. बँडमध्ये गोरे, कृष्णवर्णीय, पुरुष, बायका. सोबत तेविशीतला क्विन्सी जोन्स, हो, पुढे मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ करणारा तोच.

निघण्याआधी खात्याला वाटलं, या माणसाला जरा तयार करू या. परदेशात वर्णभेदाबद्दल विचारलं तर काय बोलायचं ते सांगू या. डिझीने शिकवणी घ्यायला नकार दिला. त्याचं म्हणणं साधारण असं, की आम्हाला काय काय झालंय याची शिकवणी गेली तीनशे वर्षं चालूच आहे. आणि त्याचं पुढचं म्हणणं असं, की विचारलं तर खरं तेच बोलेन.

दौरा इराणमधल्या अबादानपासून सुरू झाला. मग ढाका, कराची, बैरुत, दमास्कस, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया, ग्रीस. अंकाऱ्यात कार्यक्रमाला बड्या लोकांची निमंत्रणं, आणि कुंपणाबाहेर रस्त्यावरची पोरं आत डोकावतायत. डिझी म्हणाला, त्यांना आत घ्या, नाहीतर मी वाजवणार नाही. पोरं आत आली.

आणि मग अथेन्स. तिथे सायप्रसच्या प्रश्नावरून अमेरिकेवर राग होता. विद्यार्थ्यांनी नुकतीच अमेरिकेच्या माहिती केंद्रावर दगडफेक केली होती. त्याच विद्यार्थ्यांपुढे कार्यक्रम. डिझीने वाजवलं आणि पोरं खुर्च्या सोडून नाचायला लागली. शेवटी त्यांनी त्याला खांद्यावर उचललं.

ही गोष्ट सॉफ्ट पॉवरचं यश म्हणून नेहमी सांगितली जाते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. पण थोडं थांबून विचार करू. त्या रात्रीनंतर ग्रीक विद्यार्थ्यांचं सायप्रसबद्दलचं मत बदललं का? नाही. अमेरिकेचं धोरण त्यांना आवडायला लागलं का? तसंही नाही. बदललं ते एवढंच, की ‘अमेरिका’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर एकाच्या जागी दोन चित्रं यायला लागली. एक सरकारचं आणि एक ट्रम्पेटवाल्याचं. दगड एकाला, खांदा दुसऱ्याला.

माझ्या मते ओढीची ताकद इथे सुरू होते आणि तिची मर्यादाही इथेच कळते. ओढीने हुकूम पाळून घेता येत नाही. दार बंद होता होता राहतं, एवढंच. आंतरराष्ट्रीय राजकारणात ‘एवढंच’ कधीकधी खूप असतं, पण ते एवढंच असतं.

आर्मस्ट्राँगचा नकार

आता आपला मुख्य माणूस. लुई आर्मस्ट्राँग, लाडाने ‘सॅचमो’. तो युरोपात कुठेही गेला तरी गर्दी उसळायची. नोव्हेंबर १९५५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर जाझला अमेरिकेचं गुप्त अस्त्र म्हटलं आणि आर्मस्ट्राँगला त्याचा सर्वांत प्रभावी राजदूत. सरकारला त्याला सोव्हिएत युनियनला पाठवायचं होतं. हुकमाचा एक्का!

बरेच कृष्णवर्णीय तरुण मात्र त्याच्यावर नाराज होते. हा सतत दात काढून हसतो, गोऱ्यांना खूश करतो, हक्काबद्दल कधी बोलत नाही, असं त्यांना वाटायचं.

सप्टेंबर १९५७. अर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक शहर. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. त्यानुसार नऊ कृष्णवर्णीय मुलं तिथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये जाणार होती. राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड वह्या छातीशी धरून एकटी चालतेय आणि मागे ओरडणारी गोरी गर्दी, हा फोटो जगभर छापला गेला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तीन आठवडे ठोस काही करेनात.

त्याच महिन्यात आर्मस्ट्राँग नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स नावाच्या छोट्या गावात कार्यक्रमाला आला होता. स्थानिक पेपरचा २१ वर्षांचा वार्ताहर त्याच्या हॉटेलच्या खोलीत पोचला. त्याने लिटल रॉकचा विषय काढला आणि आर्मस्ट्राँगचा बांध फुटला. राष्ट्राध्यक्षात दम नाही म्हणाला. फॉबसला छापता येणार नाहीत अशा शिव्या घातल्या. आणि शेवटी, दक्षिणेत माझ्या लोकांना जे वागवतायत ते बघता सरकार खड्ड्यात गेलं, मी रशियाला जाणार नाही.

वृत्तसंस्थेचा विश्वास बसेना. हसरा सॅचमो असं बोलेल? दुसऱ्या दिवशी पोरगा मजकूर घेऊन परत आर्मस्ट्राँगकडे गेला. आर्मस्ट्राँगने वाचला, एक शब्द मागे घेतला नाही, आणि खाली सही करून दिली.

मग गदारोळ. काही ठिकाणी त्याच्या कार्यक्रमांवर बहिष्काराची हाक, त्याच्या रेकॉर्डवर बंदी. आठवडाभरात, २४ सप्टेंबरला, आयझेनहॉवर यांनी लिटल रॉकला हवाई दलाच्या नव्हे, थेट भूदलाच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले. नऊ मुलं त्यांच्या पहाऱ्यात शाळेत गेली.

हे आर्मस्ट्राँगमुळे झालं असं मी म्हणणार नाही. कारणं अनेक होती, कोर्टाचा आदेश होता, रस्त्यावरचा जमाव होता. पण त्या रात्री टीव्हीवरच्या भाषणात आयझेनहॉवर काय म्हणाले बघा. या प्रकाराने जगातली आपली प्रतिष्ठा आणि प्रभाव यांचं नुकसान होतंय, आणि आपले शत्रू त्यावर खूश आहेत, असं त्यांनी सांगितलं. आणि हा मुद्दा नवा नव्हता. १९५२ साली, शाळांच्या त्याच खटल्यात, अमेरिकेच्या न्याय खात्याने कोर्टाला लेखी कळवलं होतं की वर्णभेदामुळे परराष्ट्र धोरण चालवणं अवघड होतंय.

इथे मला या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सापडली. आपल्याला वाटतं की प्रभाव आतून बाहेर जातो, इथून पाठवला की तिकडे परिणाम. पण तो उलटाही येतो. पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो ना, तसंच. जगाला ‘आम्ही असे आहोत’ सांगायला निघालात की घरातलं कुणीतरी विचारणार, आहोत का आपण तसे? अमेरिकेत तो प्रश्न विचारणारे रस्त्यावर होतेच. जगाच्या नजरेने त्यांच्या हातात आणखी एक दांडकं दिलं.

आणि दुसरी गंमत. नकार दिल्याने आर्मस्ट्राँगची बाहेरची पत कमी झाली नाही. जो माणूस आपल्या राष्ट्राध्यक्षाला तोंडावर सुनावतो आणि तरी तुरुंगात जात नाही, त्याला बघून मॉस्कोतल्या पोराला अमेरिकेबद्दल काय वाटलं असेल? हजार माहितीपत्रकांनी जे झालं नसतं ते एका शिवीने केलं असेल.

मुंबईत आधीच वाजत होतं

१९५८ साली डेव्ह ब्रुबेकचा चौघांचा बँड निघाला. आधी पोलंड, मग तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत. मुंबईतही आला.

पण मुंबईला जाझ दाखवायला वॉशिंग्टनची गरज होती का? १९३० च्या दशकातच ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन कलाकारांचे बँड वाजत होते. लिऑन ॲबीचा बँड १९३५ साली आला होता. त्यांचं ऐकून आपले गोव्याचे वादक शिकले. त्यांच्यात एक चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर व्हाझ, ज्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. त्याला सी. रामचंद्र यांनी हिंदी सिनेमाच्या संगीतात आणलं. १९५१ चा ‘अलबेला’ आठवा, आपल्या भगवानदादांचा. त्यातल्या एका गाण्यात चिक आणि त्याची मंडळी पडद्यावर वाजवताना दिसतात. म्हणजे न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेलं संगीत हॉटेल, रेकॉर्ड आणि गोव्याचे वादक अशा वाटेने मराठी संगीतकाराच्या चालीत, आणि तिथून गणपतीच्या मांडवात पोचलं. यात कुठल्या सरकारचा ठराव नव्हता, की बजेट नव्हतं.

आणि ब्रुबेक इथून रिकाम्या हाताने गेला नाही. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने वादकांकडून नऊचा ठेका ऐकला, दोन-दोन-दोन-तीन असा. मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर बसला. आपल्याकडे तालाची चौकट पक्की असते आणि आत गायक मोकळा. जाझचंही तसंच. त्यामुळे भाषा वेगळी असूनही दोघांना एकमेकांचं कळलं. पुढच्या वर्षी, १९५९ ला, ब्रुबेकची ‘टाइम आउट’ ही तबकडी आली, तिच्यात तो नऊचा ठेका आहे. अमेरिकेत ती तुफान खपली. राजदूत म्हणून गेलेला माणूस तिकडचं घेऊन घरी आला. आता सांगा, कुणी कुणावर प्रभाव टाकला?

काँगो : मंचावर ट्रम्पेट, मागे काय?

इथवर गोष्ट गोड आहे. आता कडू भाग.

३० जून १९६० ला काँगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा. खाली तांबं, कोबाल्ट, युरेनियम. काही दिवसांत सैन्यात बंड, कटांगा प्रांत फुटून निघाला, सप्टेंबरमध्ये लुमुंबांना पदावरून हटवलं आणि कर्नल मोबुटूने सत्ता घेतली. लुमुंबा आपल्या घरात नजरकैदेत.

ऑक्टोबरच्या अखेरीस लुई आर्मस्ट्राँग राजधानी लिओपोल्डव्हिलला आला, अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या आफ्रिका दौऱ्यावर. लोकांनी त्याला खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन मैदानात नेलं. हजारो माणसं. भांडणारे गटही ऐकायला आले.

आणि त्याच शहरात लुमुंबा घरात अडकलेले. सीआयएने त्यांना मारायला सप्टेंबरमध्येच विष पाठवलं होतं. हे मी कुठल्या फॉरवर्डमधून सांगत नाहीये, १९७५ साली अमेरिकन सिनेटच्याच चौकशी समितीने ते उघड केलं. ते विष वापरलं गेलं नाही. पण १७ जानेवारी १९६१ ला कटांगात लुमुंबांना गोळ्या घालून मारलं, बेल्जियन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत.

आर्मस्ट्राँगला यातलं काही माहीत होतं असं दिसत नाही. तो मनापासून वाजवायला गेला होता. ऐकणारेही मनापासून नाचले. पण त्याला तिथे पाठवणारं सरकार एका हाताने ट्रम्पेट पुढे करत होतं आणि दुसऱ्या हातात विषाची बाटली होती.

खरं सांगतो, हे वाचल्यावर मी काही दिवस आर्मस्ट्राँग लावलाच नाही. फसवल्यासारखं वाटलं. मग एकदा ऑफिसच्या बसमध्ये त्याचं गाणं प्लेलिस्टमध्ये आपोआप लागलं, आणि मी बंद केलं नाही. कारण तेव्हा लक्षात आलं, की गाणं खोटं नव्हतं. गाण्याआड उभं राहणारं खोटं होतं.

मग काय मिळालं?

१९६२ ला बेनी गुडमनचा बँड सोव्हिएत युनियनला गेला, मॉस्कोच्या पहिल्या कार्यक्रमाला स्वतः ख्रुश्चेव्ह हजर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून दोन्ही देश अणुयुद्धाच्या काठावर आले. म्हणजे जाझने संकट टाळलं नाही. १९९१ ला सोव्हिएत युनियन कोसळलं त्याची कारणंही अर्थव्यवस्था, अफगाणिस्तान, राष्ट्रवाद अशी आहेत. ‘जाझने साम्यवाद हरवला’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

उलट व्हिएतनामच्या काळात जगभरची तरुण पोरं अमेरिकन जीन्स घालून, अमेरिकन गाणी म्हणत अमेरिकेच्या युद्धाविरुद्ध मोर्चे काढत होती. ओढ सरकारच्या मालकीची नसते, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

म्हणून मला वाटतं, ही ताकद खरी आहे, पण ती पाठवणाऱ्याचं ऐकत नाही. तुम्ही जे दाखवता ते घरी खरं नसेल तर ती उलटून तुमच्याच अंगावर येते, लिटल रॉकसारखी. आणि तिच्या आडून दंड-भेद चालवलात तर आज ना उद्या कागद बाहेर येतात, काँगोसारखे. मग जुन्या सुरेल आठवणींनाही डाग लागतो.

आज आपल्या फोनमध्ये कोरियाच्या मालिका आहेत, जपानचे ॲनिमे आहेत, तुर्कस्तानच्या ऐतिहासिक मालिका आहेत. आपणही योग दिन साजरा करतो, सिनेमे पाठवतो, आणि बाहेर टाळ्या पडल्या की छाती फुगते. यात वाईट काही नाही. आवडतं ते ऐका, बघा. फक्त दोन प्रश्न सोबत ठेवा. एक, हे लोक बाहेर जे दाखवतायत ते त्यांच्या घरातल्या सगळ्यात खालच्या माणसाला मिळतं का? दोन, मंचावर गाणं चालू असताना मंचामागे काय चाललंय? आणि हे दोन्ही प्रश्न दुसऱ्या देशांना विचाराल तेव्हा आपल्यालाही विचारा. परक्याला विचारणं सोपं असतं, राव.

विलिस कोनोव्हर १९९६ साली गेला. चाळीस वर्षं तो त्याच सावकाश आवाजात बोलत राहिला. मला त्याच्याबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते, की त्याने कधी कुणाला पटवायचा प्रयत्न केला नाही. त्याला जे खरोखर आवडत होतं तेच त्याने लावलं, आणि समोरच्याला ठरवू दिलं.

आज रात्री झोपण्याआधी ‘टाइम आउट’ लावा, आणि नऊचा ठेका बोटांवर मोजून बघा. दोन-दोन-दोन-तीन. जमलं तर तुम्हीही इस्तंबूलच्या त्या रस्त्यावर पोचलात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, मंडळी.